पॅच कधी, कुठे आणि आधी कोणाला: बेळगावातल्या नवख्या ॲडमिनसाठी

व्हीटीयू विद्यापीठाची डिग्री घेऊन सिस्टिम ॲडमिनच्या कामाला लागणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, सिक्युरिटीच्या बातम्या रोज कुठं वाचायच्या?" बातम्यांचा पूर आहे रे. त्यातून शोधायचं एवढंच: आपल्या मशिनांना कुठला पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती, लागतो. आधी यादी कर. उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्रीचं किंवा टिळकवाडीतल्या ज्या पतसंस्थेचं काम तू बघणार, तिथं कुठली मशिनं आहेत, कुठलं विंडोज, टॅलीचा डेटा कुठल्या पीसीवर, राउटरचं फर्मवेअर किती जुनं, सीसीटीव्हीचा डीव्हीआर बाहेरून दिसतो का. एक्सेलची एक शीट पुरते. ती नसेल तर बातमी वाचून नुसती धाकधूक वाढते.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातल्या, लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचं भगदाड उघडं पडलं. दहापैकी दहा गुणांचा धोका. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "आमच्यात जावा न्हाईच ओ." पण ही लायब्ररी दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेली असायची. शिवाय २.१५.० टाकून मोकळे झालेल्यांना त्याच महिन्यात २.१६.०, मग २.१७.० आणि शेवटी २.१७.१ टाकावं लागलं. म्हणून मोठ्या प्रकरणात कंपनीचं मूळ सूचनापत्र चार दिवसांनी पुन्हा उघडायचं.

मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, ऑक्टोबर २००३ पासून. तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, अमेरिकेतल्या थंडीत साडेअकरा. म्हणजे आपला पॅच ट्यूसडे बुधवारीच उजाडतो. त्या सकाळी मी धोक्याचा आकडा सोडून आधी एकच गोष्ट बघतो: हे भोक वापरून हल्ले सुरू झालेत का? मायक्रोसॉफ्ट प्रत्येक नोंदीत ते लिहितं, आणि अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेचा केईव्ही कॅटलॉगही त्यासाठीच आहे. दहापैकी ९.८ गुणांचं भोक आपण न वापरणाऱ्या सर्व्हिसमध्ये असेल तर ते थांबू शकतं. ७.८ चं असून त्यावर हल्ले चालू असतील तर जेवायच्या आधी काम उरकायचं.

किती घाई करायची, यावर दोन प्रकरणं डोक्यात पक्की ठेवा. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने १२ मे २०१७ ला जगभर धुमाकूळ घातला, पण त्याचा पॅच १४ मार्चलाच आला होता. जवळजवळ दोन महिने लोक झोपले. उलट बाजूला १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीची एक बिघडलेली फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळा स्क्रीन दाखवून बंद पडली. सेफ मोडमध्ये जाऊन एकेका मशिनवर हाताने ती फाइल उडवायला लागली, आणि ज्यांच्याकडे बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की नव्हती त्यांचे हाल कुत्रं खाईना. माझी पद्धत साधी: पहिल्या दिवशी माझा लॅपटॉप आणि अकाउंट्समधला एक पीसी, दोन दिवस प्रिंटर आणि टॅली नीट चालले की बाकीचे. हल्ले चालू असतील तर हे दोन दिवस विसरायचे.

लिनक्सवर नवखी पोरं हमखास एका जागी अडकतात. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच, म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉग-इन होण्याच्या सॉफ्टवेअरमधलं रेग्रेशन नावाचं भोक जाहीर झालं, ८.५पी१ ते ९.७पी१ या आवृत्त्या धोक्यात, दुरुस्ती ९.८ मध्ये. उबुंटू २२.०४ वर बघितलं तर ८.९पी१. पोरगं घाबरतं आणि इंटरनेटवरून ९.८ उतरवून कंपाइल करायला बसतं. थांब. उबुंटू आणि डेबियनवाले आवृत्ती तीच ठेवून फक्त दुरुस्ती मागे आणून बसवतात. आकड्याची शेपटी वाच: ८.९पी१-३उबुंटू०.१० किंवा त्यापुढचं दिसलं की भोक बुजलं. एपीटी चेंजलॉगमध्ये, म्हणजे पॅकेजच्या बदलांच्या नोंदीत, सीव्हीई क्रमांकासकट (भोकाच्या ओळख क्रमांकासकट) लिहिलेलं असतं. भोकं शोधणाऱ्या स्कॅनरचा लाल रिपोर्ट घेऊन साहेबांकडे पळण्याआधी एवढं बघितलं तर अब्रू राहते. आणि ओपनएसएसएलसारखी लायब्ररी बदलली की सर्व्हिस रीस्टार्ट करायची. नाहीतर मेमरीत जुनीच चालू राहते.

आता आपल्या भागाचं. साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू असताना वजनकाट्याच्या पीसीला रीस्टार्ट मारायचं नाव काढू नका. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. पतसंस्थेत मार्चअखेर तसंच. फाउंड्रीत मात्र खंडेनवमी म्हणजे सोनं. मशिनं बंद, धुऊन पुसून पूजा, मॉनिटरलासुद्धा हळदकुंकू. पूजा झाली की पेढा खाऊन आपलं काम सुरू करायचं.

सीएनसीला, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनला, जोडलेल्या जुन्या पीसीवरून मालकांशी वाद होतो. "मशीन चालतंय न्हवं? मग हात कशाला लावायचा?" त्यांचंही खरं असतं, तिथलं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशा पीसीचं इंटरनेट काढायचं, नेटवर्क वेगळं करायचं आणि प्रोग्रॅम नेण्यासाठी एकच तपासलेला पेनड्राइव्ह ठेवायचा. मालक याला सहसा नाही म्हणत नाहीत, कारण खर्च थोडा.

घरी बसून पुण्या-बेंगळूरच्या कंपन्यांचं कोडिंग करणाऱ्यांना वेगळी काळजी. ८ सप्टेंबर २०२५ ला एनपीएम या जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांच्या भांडारातली चॉक, डीबग यांसारखी पॅकेजं बिघडवली गेली. सांभाळणाऱ्याला खोटी ईमेल पाठवून त्याचं खातं हडपलं होतं. पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल गिटमध्ये ठेवा, बिल्ड सर्व्हरवर त्याच आवृत्त्या बसवणारी एनपीएम सीआय ही कमांड चालवा, आणि आज निघालेली आवृत्ती आजच ओढू नका. इथं शिळं बरं.

इंटरव्ह्यूत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेबद्दल विचारतात. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. छोट्या ऑफिसात लॉग महिनाभरही टिकत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात तपासा.

शेवटचं काम संगणकाबाहेरचं. आपल्याकडे संध्याकाळी शिपाईमामा खालचा मेन स्विच पाडून जातात, आणि रात्रीचं अपडेट अर्धवट लटकतं. त्यामुळे पॅचच्या बुधवारी दुपारीच बोर्डाशेजारी कागद चिकटवा, मराठीत आणि कन्नडमध्ये: आज पीसी बंद करू नये, फक्त लॉग-आउट करावे. मामांना तोंडीही सांगा, आणि यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते ते त्याच दिवशी बघून घ्या.