मॉड्यूलमधले क्लास दोन ओळींत शोधा

दुसऱ्याने लिहिलेलं पायथन मॉड्यूल हाती आलं, की त्यात क्लास कोणते हे बघायला अख्खी फाईल चाळत बसू नका.

१. पायथनसोबतच येणारं इन्स्पेक्ट मॉड्यूल इम्पोर्ट करा.
२. त्यातल्या गेटमेंबर्स फंक्शनला आधी हाती आलेलं मॉड्यूल, मग इन्स्पेक्टमधलंच इझक्लास फंक्शन द्या. इझक्लासपुढे कंस नको. नाव आणि क्लास अशा जोड्या मिळतात.

यात बाहेरून इम्पोर्ट केलेले क्लासही येतात. ते गाळायला प्रत्येक क्लासचं डंडर-मॉड्यूल (__module__, म्हणजे तो क्लास ज्या मॉड्यूलमध्ये लिहिलाय त्याचं नाव) आपल्या मॉड्यूलच्या नावाशी जुळवा.

मात्र पायथनच्याच जेसन (json) पॅकेजवर हे करून बघा: आधी ३ क्लास दिसतात, गाळल्यावर एकही नाही! ते तिन्ही पॅकेजच्या आतल्या डिकोडर आणि एन्कोडर या मॉड्यूलांमध्ये लिहिलेले आहेत. अशा पॅकेजात डंडर-मॉड्यूलची सुरुवात पॅकेजच्या नावाने, म्हणजे इथे जेसनने, होते का, एवढंच तपासा.