शिकागोकडच्या मंडळींनो, प्रेरीचं बी आत्ताच टाका

इकडे इलिनॉयमध्ये घरामागं प्रेरीची, म्हणजे इथल्या मूळच्या गवताळ माळाची, फुलझाडं करायची असतील तर बी नोव्हेंबर संपता संपता टाका. आपल्याला पेरणी म्हटलं की मृगाचा पाऊस आठवतो, पण यातल्या बऱ्याच बियांना एक-दोन महिने ओली थंडी मिळाल्याशिवाय कोंबच फुटत नाही, म्हणून एप्रिलमध्ये पाकीट फोडून टाकलं की लोक म्हणतात बी खराब निघालं.

जागा निदान 6 तास उन्हाची हवी. लॉनवर तसंच फेकू नका, गवत आधी मारायला लागतं. ते राहिलं असेल तर आत्ता पुठ्ठे अंथरून वर पालापाचोळा टाका आणि पेरणी सरळ पुढच्या नोव्हेंबरात करा. जागा तयार असेल तर बी ओलसर वाळूत कालवून मुठीनं फोका, पुरू नका, नुसतं पायानं दाबा.

खत अजिबात नको! हात शिवशिवतात माहितीये, मी कोनफ्लॉवरच्या रोपांना दोन गोणी कंपोस्ट घातलेलं, असे माजले की जुलैच्या एका वादळात सगळे आडवे.

मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त मिल्कवीड खातात. ते आपल्या रुईच्याच कुळातलं, बहुतेक जातींचं पान तोडलं की तसाच चीक. पण साधं मिल्कवीड मुळांनी पसरत जातं, छोट्या बागेत केशरी फुलांचं बटरफ्लाय वीड (हेही मिल्कवीडच) बरं, पाणी धरणारी चिकणमाती असेल तर स्वॅम्प मिल्कवीड. बटरफ्लाय वीड मे उजाडला तरी कधीकधी वर येत नाही, मेलं समजून तिथं खणू नका, आत्ताच काठी रोवून ठेवा, आणि सोटमूळ असल्यानं नंतर जागा बदलायचा विचारही नको.

पहिल्या वर्षी वर फारसं काही दिसणार नाही, सगळी वाढ खाली चाललेली असते, बिग ब्लूस्टेम गवताची मुळं तर पुढं 8-10 फूट जातात. तण माजलं की उपटत बसू नका, नवी रोपं सोबत निघतात, मॉवर उंच लावून 6 इंचांवर कापत रहा. खरी फुलं तिसऱ्या वर्षी. तोवर शेजारी नाक मुरडणार, म्हणून गावाचा गवताच्या उंचीचा नियम आधी बघा आणि कडेनं एक पट्टा नीट कापलेला ठेवा, मुद्दाम केलंय हे दिसतं.

ज्यांची बाग जुनी आहे त्यांनी वाळलेले दांडे आत्ता कापू नका, कोनफ्लॉवरच्या बोंडांवर गोल्डफिंच पक्षी बिया खायला येतात. एप्रिलमध्ये कापताना फूट-दीड फूट खुंट ठेवा, त्या पोकळ नळीत रानटी मधमाश्या घर करतात.