कमी खर्चात हेडफोनसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडताना या चुका टाळा

हेडफोनचा आवाज मनासारखा येत नाही, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला हवा, असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. पुष्कळदा तो चुकीचा असतो. तो बरोबर असला तरी कोणता अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा हे किमतीवरून किंवा इतरांनी केलेल्या स्तुतीवरून ठरत नाही; हेडफोनच्या माहितीपत्रकावरील दोन आकडे आणि थोडासा गुणाकार-भागाकार यांवरून ते ठरते. ज्यांच्याकडे खर्चायला मोजकेच पैसे आहेत त्यांनी हा हिशेब खरेदीपूर्वी करायलाच हवा, कारण अनावश्यक अ‍ॅम्प्लिफायरवर गेलेले पैसे बहुधा अधिक चांगल्या हेडफोनच्या वाट्याचे असतात.

केवळ ओहम पाहून निर्णय घेणे

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. जास्त ओहमचा हेडफोन चालवायला कठीण आणि कमी ओहमचा सोपा, हा समज अर्धवट आहे. इम्पीडन्स म्हणजे ओहमचा आकडा, अर्थात विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, आणि त्यावरून हेडफोनला व्होल्टेज अधिक लागेल की करंट, एवढेच कळते. एकूण शक्ती किती लागेल हे सेन्सिटिव्हिटीवरून, म्हणजे एका मिलिवॅटला किती डेसिबल आवाज निघतो यावरून कळते. दोन्ही आकडे एकत्र घेतल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही.

बेयरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रो या हेडफोनची २५० ओहमची आवृत्ती घ्या. तिची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. संगीतातील क्षणिक उंच टोके ११० डेसिबलपर्यंत स्वच्छ यावीत अशी अपेक्षा ठेवली, तर १४ डेसिबलची वाढ हवी, म्हणजे साधारण २५ मिलिवॅट, २.५ व्होल्ट आणि अवघे १० मिलिअँपिअर. आता हायफायमॅनचा एचई-६ पाहा. तो केवळ ५० ओहमचा आहे, परंतु त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल आहे. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर लागतात. ओहम पाचपटीने कमी असूनही शक्ती जवळजवळ अठरापट लागते. एचई-६ सारखे प्लेनर प्रकारचे, म्हणजे सपाट, पातळ पडद्याचे, अनेक हेडफोन कागदावर सोपे दिसतात आणि प्रत्यक्षात करंटसाठी अडून बसतात, त्याचे कारण हे आहे.

हा हिशेब करताना एक सापळा ओळखावा लागतो. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला देतात, तर काही एका व्होल्टला, आणि हे दोन आकडे परस्परांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये या दोहोंतील फरक १५ डेसिबलचा पडतो, ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये मात्र सुमारे ५ डेसिबलचाच. सेनहायझर एचडी ६५० चा १०३ डेसिबल हा आकडा एका व्होल्टचा आहे. मिलिवॅटच्या मापात तो ९८ च्या आसपास येतो. एकक न पाहता केलेली तुलना म्हणूनच निरर्थक ठरते.

११० डेसिबल ही नेहमी ऐकण्याची पातळी नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल एवढी आहे. सरासरी पातळी त्याहून खाली ठेवून उंच टोकांसाठी राखलेली जागा, एवढाच ११० चा अर्थ आहे.

गरज नसताना अ‍ॅम्प्लिफायर घेणे

वरील हिशेब केल्यावर अनेकांच्या लक्षात येईल की आपल्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतच नाही. अ‍ॅपलचा यूएसबी-सीमधून ३.५ मिमी जॅक देणारा छोटा डाँगल सुमारे १ व्होल्ट देतो आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स (आवाज देणाऱ्या उपकरणाचा स्वतःचा अडथळा; तो का पाहायचा हे पुढे येईल) एका ओहमच्या आसपास असतो. कठीण समजल्या जाणाऱ्या एचडी ६५० लाही त्यावर १०३ डेसिबलपर्यंत जाता येते, आणि बहुतेक संगीत शांत खोलीत ऐकायला ते पुरेसे आहे. युरोपात विकली जाणारी आवृत्ती मात्र याच्या निम्मेच व्होल्टेज देते. शिवाय काही अँड्रॉइड फोनवर हाच डाँगल फार हळू वाजतो, कारण फोन त्याचा अंतर्गत व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. अशा वेळी डाँगल आधी संगणकाला लावून पाहावा. तेथे आवाज व्यवस्थित आला तर दोष हेडफोनचाही नाही आणि शक्तीचाही नाही.

ब्लूटूथवर चालणाऱ्या हेडफोनमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आत बसवलेला असतो, त्यामुळे बिनतारी वापरात बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला तेथे कामच उरत नाही.

खोक्यावरील वॅट पाहून भुलणे

जाहिरातीत ठळक छापलेला वॅटचा आकडा बहुधा १६ किंवा ३२ ओहमला मोजलेला असतो. ३२ ओहमला १ वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे ५.७ व्होल्ट देतो. तेच व्होल्टेज ३०० ओहमला लावले की शक्ती १०७ मिलिवॅटवर येते. एचडी ६५० साठी ती मुबलक आहे, पण खोक्यावरील आकड्याच्या नवव्या भागाएवढीच आहे. आपल्या हेडफोनच्या ओहमला किती शक्ती मिळते हा आकडा शोधावा, आणि तो किती विकृतीला (डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात शिरणारा बिघाड) मोजला आहे हेही पाहावे. दहा टक्के विकृतीला मोजलेल्या वॅटचा ऐकणाऱ्याला काहीच उपयोग नसतो.

आउटपुट इम्पीडन्सकडे दुर्लक्ष

अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, हा ढोबळ नियम बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतो. त्यामागील कारण समजून घेतले तर तो कधी मोडला तरी चालेल हेही कळते. हेडफोनचा इम्पीडन्स सर्व फ्रीक्वेन्सींना सारखा नसतो. एचडी ६५० म्हणायला ३०० ओहमचा असला, तरी खर्जात, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५०० ओहमपर्यंत चढतो. त्याला १२० ओहम आउटपुट इम्पीडन्सचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर त्या भागातील आवाज सुमारे १ डेसिबलने उंचावतो. काहींना ती किंचित ऊब आवडते, आणि व्हॅक्यूम नळ्यांवर (ट्यूबवर) चालणाऱ्या, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची अशा हेडफोनशी जोडी जमते ती काही अंशी यामुळेच.

अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज निर्माण करणारे चिमुकले भाग) असलेल्या इअरफोनमध्ये मात्र चित्र पालटते. समजा एखाद्या इअरफोनचा इम्पीडन्स एका फ्रीक्वेन्सीला ५ ओहम आणि दुसरीला ४० ओहम आहे. १० ओहम आउटपुट इम्पीडन्स असलेल्या स्रोतावर या दोन ठिकाणांमध्ये साडेसात डेसिबलचा फरक निर्माण होतो, म्हणजे निर्मात्याने जुळवलेला नादच बदलून जातो. स्रोत १ ओहमचा असेल तर तोच फरक दीड डेसिबलच्या आत राहतो. प्लेनर हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असल्याने त्यांचा नाद बदलत नाही, फक्त शक्ती वाया जाते. माझ्या मते कमी खर्चातील खरेदीत वॅटपेक्षा हा आकडा आधी विचारावा. तो कमी ठेवणे खर्चिक नाही: २०११ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला ऑब्जेक्टिव्ह २ हा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा साध्या सुट्या भागांतून सुमारे अर्ध्या ओहमपर्यंत पोहोचला होता.

बॅलन्स्ड आउटपुटचा मोह

बॅलन्स्ड आउटपुटमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूंची ऋण तार सामाईक नसून वेगवेगळी असते. त्यामुळे साधारणपणे व्होल्टेज दुप्पट मिळते, मात्र आउटपुट इम्पीडन्सही दुप्पट होतो. हेडफोनला ती जादा शक्ती हवी नसेल तर त्यासाठी पैसे मोजू नयेत. धोका अ‍ॅडॉप्टरचा आहे. ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड आउटपुटमध्ये साध्या ३.५ मिमी पिनचा हेडफोन अ‍ॅडॉप्टरने जोडला, तर डाव्या आणि उजव्या बाजूंची ऋण टोके एकमेकांना चिकटतात आणि अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. उलट दिशेने, म्हणजे बॅलन्स्ड पिनचा हेडफोन साध्या आउटपुटला जोडणे, सुरक्षित असते.

बिघाड वाटणारी लक्षणे

अ‍ॅम्प्लिफायर घेऊनही आवाज हळूच येत असेल, तर संगणकाचा किंवा फोनचा व्हॉल्यूम अर्ध्यावर राहिला आहे का ते प्रथम पाहावे. स्रोत पूर्ण ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉबने आवाज कमी-जास्त करणे हीच योग्य रीत आहे. इक्वलायझरमध्ये खर्ज ६ डेसिबलने वाढवला असेल, तर विकृती टाळण्यासाठी एकूण पातळी तेवढीच खाली घ्यावी लागते; अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायरमधील जादा शक्ती खरोखर उपयोगी पडते.

इअरफोनमध्ये सतत सळसळ ऐकू येत असेल, किंवा कमी आवाजात एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा वाटत असेल, तर गेन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर संकेत किती पटीने वाढवतो ते प्रमाण, फार जास्त आहे. गेन खाली आणावा. व्हॉल्यूमचा नॉब त्याच्या प्रवासाच्या अगदी सुरुवातीला दोन्ही बाजूंना समान राहत नाही, म्हणून तो थोडा वर आणूनच ऐकावे लागेल अशी व्यवस्था करावी.

गायकाचा आवाज नाहीसा होऊन वाद्ये पोकळ आणि दूरची वाटू लागली, तर तो अ‍ॅम्प्लिफायरचा दोष नसून पिन पूर्ण आत न गेल्याची किंवा केबलमधील सामाईक तार तुटल्याची खूण असते. सामाईक तार सुटली की दोन बाजूंमधील फरक तेवढा ऐकू येतो, आणि मध्यभागी ध्वनिमुद्रित झालेला आवाज दोन्हींत सारखा असल्याने गळून पडतो.

दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करताना नवा अधिक तपशीलवार वाटला, तर दोहोंची पातळी समान केली होती का हे तपासावे. एका डेसिबलहूनही कमी फरकाने मोठा असलेला आवाज अधिक चांगला भासतो. मल्टिमीटरने आउटपुटचे व्होल्टेज जुळवून पुन्हा ऐकावे; परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी हे केलेले बरे.

लॅपटॉपला जोडल्यावर गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली म्हणजे ते ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या ग्राउंड तारांतून तयार होणारे नको असलेले वर्तुळ) आहे, आणि महागडा अ‍ॅम्प्लिफायर घेऊनही ते जाणार नाही. डॅकला (डिजिटल संकेतापासून ध्वनीचा विद्युत संकेत बनवणाऱ्या उपकरणाला) ऑप्टिकल इनपुट असेल तर त्या केबलने स्रोत जोडावा. तीतून प्रकाश जातो, विद्युत जोडणी राहत नाही, त्यामुळे लूप तुटते. ती सोय नसेल तर ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर चालवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.