पेरणीआधी धनुर्वाताच्या लसीची तारीख बघा

नांगरट, धसकटं वेचणं, शेणखत पसरणं ही कामं सुरू झाली की हातापायाला काही ना काही लागतंच. बी-बियाण्याची जुळवाजुळव चालू असतानाच घरात विचारून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन कोणी कधी घेतलंय? मजुरीला येणाऱ्यांनाही विचारा.

गंजलेला खिळा लागला की धनुर्वात होतो, एवढंच आपल्याला माहीत असतं. गंज बिचारा नुसता बदनाम आहे. या रोगाच्या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षं तग धरतात. हवा पोहोचत नाही अशा खोल जखमेत ते वाढतात आणि विष सोडतात. म्हणून भळभळणाऱ्या घावापेक्षा तळपायात मोडलेला काटा जास्त दगा देऊ शकतो. रक्त फारसं येत नाही, आपणही विसरून जातो. जबडा आखडायला लागतो तो बहुधा 3 ते 21 दिवसांत.

‘टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) सहा महिने चालतं’ हे मात्र डोक्यातून काढा. लहानपणापासूनचे डोस पूर्ण असतील, तर दर 10 वर्षांनी एक बूस्टर, म्हणजे संरक्षण टिकवणारा जादा डोस, पुरतो. जखम खोल किंवा माती-शेणाने माखलेली असेल आणि शेवटच्या डोसला 5 वर्षं उलटली असतील, तर वाट न पाहता डोस घ्या. हल्ली टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण मिळतं.

लस कधीच घेतली नसेल किंवा आठवतच नसेल, तर 3 डोस लागतात. पहिल्यानंतर 4 आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर 6 ते 12 महिन्यांनी तिसरा. पेरणीला महिना-दीड महिना असेल तर पहिले दोन आत्ताच बसतात. अशा माणसाला घाणेरडी जखम झाली तर नुसती लस पुरत नाही, कारण तिचा परिणाम व्हायला वेळ लागतो. धनुर्वाताचं विष निकामी करणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. लस झालीय की नाही, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

जखम वाहत्या पाण्याने, साबण लावून धुवा. तिच्यावर माती, राख, शेण काही लावू नका. काटा आत राहिला असेल तर सुईने कोरत बसण्यापेक्षा दवाखान्यात काढून घ्या. एकदा धनुर्वात होऊन गेलेल्यालाही लस लागतेच. डोस घेतल्याची तारीख जमिनीच्या कागदांसोबत लिहून ठेवा, ते कागद सहसा हरवत नाहीत.