जुनी पुस्तकं स्कॅन करताय? या चुका टाळा

पहिली चूक मुहूर्ताची. मुलं सुट्टीत मोकळी असतात म्हणून वाचनालयं स्कॅनिंगला मे महिना धरतात. नागपुरात तेव्हा पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे कूलर आलाच. त्याची ओली हवा जुना कागद शोषून घेतो, पानं फुगून वाकडी होतात, काचेवर सपाट बसत नाहीत आणि मधल्या ओळी धूसर येतात. रात्री कूलर बंद झाला की तोच कागद पुन्हा आकसतो. असं आठवडाभर चाललं की ठिसूळ पानाचे कोपरे गळायला लागतात. एसी नसेल तर सरळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे काम काढा.

जाड बांधणीचे अंक फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) दाबू नका, पुठ्ठ्याचा कणा मोडतो. वरून फोटो घेणारा ओव्हरहेड स्कॅनर आणि इंग्रजी व्ही आकाराचा आधार वापरा. पानं आपोआप आत ओढणारा ऑटो फीडर तर जुन्या कागदाला दाखवूसुद्धा नका. मागच्या पानाची शाई पुढे दिसत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवा; एवढ्या साध्या उपायाने काम होतं.

जागा वाचवायला थेट जेपेग किंवा पीडीएफ करणं ही महागात पडणारी काटकसर आहे. मूळ प्रत टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल प्रकारात ठेवा: छापील मजकुराला किमान ३०० पीपीआय (एका इंचात इतके पिक्सेल), बारीक टाइप असेल तर ४०० ते ६००. एफोर आकाराचं रंगीत पान ३०० ला सुमारे २६ एमबी होतं. हार्ड डिस्कचा हिशेब आधीच करा. वाचकांना द्यायच्या पीडीएफ या मूळ प्रतीवरूनच काढायच्या.

खरी गोची नोंदींत होते. ‘स्कॅन००१’, ‘नवीन फायनल’ अशा नावांच्या फायली वर्षभराने कुणालाच ओळखू येत नाहीत. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, अंक आणि पान घ्या. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी शोधात सापडत नाही. नोंदी सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या युनिकोडमध्येच हव्यात.

शकाच्या तारखांवरून इसवी सन काढताना डोळे झाकून ७८ मिळवू नका. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ ची, म्हणजे शके १८४४. त्यात ७८ मिळवले तर १९२२ येतं. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. मुखपृष्ठावरची तारीख आहे तशी लिहा आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात द्या. ओसीआरचा (स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा) मजकूरही न तपासता वापरू नका, जोडाक्षरांत तो हमखास अडखळतो.

सगळ्या डिस्क एकाच कपाटात ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, ते आठवा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. दरवर्षी चेकसम, म्हणजे फाइल बदलली किंवा बिघडली का हे दाखवणारा आकडा, जुळवून बघा.

आणि ऑनलाइन टाकण्याआधी लेखकाचं मृत्युवर्ष तपासा: भारतात त्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. मुदत संपली नसेल तर ती प्रत वाचनालयातल्या संगणकावरच ठेवा आणि वारसांना परवानगीचं पत्र पाठवा.