क्रँकशाफ्टचा डॅम्पर बदलताना

नागपूरचा उन्हाळा रबराला मानवत नाही. इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसणारा डॅम्पर त्या शाफ्टची पिळाची कंपने शोषतो. माझ्या टर्बो पेट्रोल गाडीच्या मूळ डॅम्परमधील, हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) आणि बाहेरचे जड कडे यांना जोडणारे रबर तडकले, कडे हबवर सरकले आणि त्यावरची टायमिंगची खूण खोटी ठरू लागली. पट्टा डुलतो आहे म्हणून मी आधी उगाचच टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) बदलला होता.

नवा डॅम्पर बसवण्यापूर्वी हबचे छिद्र आणि क्रँकशाफ्टचे टोक मायक्रोमीटरने मोजले, तेव्हा छिद्र टोकापेक्षा ०.०६ मि.मी. लहान निघाले, जे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपेक्षा फारच घट्ट होते. म्हणून हिंगणा एमआयडीसीतील एका वर्कशॉपमधून होनिंग करून (छिद्र आतून बारीक घासून) हा फरक ०.०२५ मि.मी.वर आणला. ओळखीच्या मिस्त्रींनी हातोडा पुढे केला, पण त्याचा मार थेट थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) बसतो, त्यामुळे मी नम्रपणे नकार दिला. ऑइल सील नवे घालून त्याच्या ओठाला तेल लावले, हब गरम पाण्यात तापवले आणि क्रँकशाफ्टच्या आट्यांमध्ये पूर्ण खोल बसणाऱ्या इन्स्टॉलरने (स्क्रूने ओढणाऱ्या हत्याराने) ते सावकाश ओढून घेतले. जुना बोल्ट एकदा ताणला गेलेला असल्याने तो पुन्हा वापरला नाही. शेवटी पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारे साधन) लावून पहिल्या सिलिंडरचा वरचा मृतबिंदू, म्हणजे पिस्टनची सर्वात वरची जागा, शोधला, तेव्हा नव्या कड्यावरची खूण नेमकी शून्यावर आली.