पेलेट स्टोव्हची दोरी बदलताना आणि राख काढताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्याला जाड दगडी भिंती आहेत. मे महिन्यात त्यांचा फार आधार वाटतो, पण जानेवारीत पारा ५-६ अंशांवर आला की आईच्या खोलीत बसवत नाही. म्हणून तिथे पेलेट स्टोव्ह बसवला, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर (पेलेटवर) चालणारी बंद दाराची शेगडी. पहिल्याच हिवाळ्यात त्याची काच दोन दिवसांत काळी व्हायला लागली; ज्योत लांब, पिवळी आणि मरगळलेली. मला वाटलं जळण कमी पडतंय, म्हणून मी पेलेट पडण्याचा वेग वाढवला. काच आणखी काळी झाली.

ज्योत मरगळली की बहुतेक वेळा कारण हवेत असतं, जळणात नाही. स्टोव्हच्या मागचा पंखा भट्टीतला धूर खेचतो आणि पाइपात ढकलतो. म्हणजे पंख्याच्या अलीकडे ओढ, पलीकडे दाब. एवढं डोक्यात बसलं की निम्मे बिघाड आपोआप उलगडतात. दाराच्या कडेच्या खाचेत फट बुजवायला बसवलेली दोरी झिजली तर खोलीतली हवा फटीतून आत शिरते; मग जळणपात्राच्या (पेलेट जळतात त्या भांड्याच्या) भोकांतून जी हवा यायला हवी ती येत नाही आणि पेलेट अर्धवट जळतात. पाइपाचा सांधा सुटला तर उलट धूरच खोलीत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. सांध्याभोवती काजळीची रेघ दिसली तर स्टोव्ह त्याच वेळी बंद करा, दुरुस्त होईपर्यंत पेटवू नका. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथे या वायूचा अलार्म हवाच. आईच्या खोलीत तो लावल्याशिवाय मला झोप लागली नसती.

दोरी बदलायची वेळ आली का, हे कागदाच्या पट्टीने कळतं. स्टोव्ह गार असताना पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. ती अडत अडत यायला हवी. दाराच्या चारी बाजूंनी बघा. आमच्याकडे तीन बाजू घट्ट होत्या, खालच्या कोपऱ्यात मात्र पट्टी अलगद हातात आली.

दोरी आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने आधी ॲस्बेस्टसची पांढरी दोरी पुढे केली. ती घेऊ नका. तिचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि कॅन्सरचा धोका वाढवतात. काचतंतूची, म्हणजे ग्लास फायबरची दोरी मागा. जाडी स्टोव्हच्या पुस्तिकेत बघा. जुनी दोरी दबून चपटी झालेली असते, तिच्यावरून माप काढलं की हमखास चुकतं.

मी मात्र चुकलो ते बसवताना. पायजम्याची नाडी ओढावी तशी दोरी ताणून खाचेत बसवली. ताणलेली दोरी बारीक होते आणि नंतर आखडते. पंधरा दिवसांत दोन्ही टोकांमध्ये करंगळी जाईल एवढी फट पडली. आता मी आधी जुना गोंद बोथट स्क्रूड्रायव्हरने खरवडतो, खाच तारेच्या ब्रशने साफ करतो, दोरी न ताणता नुसती ठेवून बघतो आणि कापायच्या जागी टेप गुंडाळतो, नाहीतर टोक कापसासारखं पिंजारतं. जोड बिजागरीच्या बाजूला घेतो, कोपऱ्यात नाही. उष्णता सोसणाऱ्या गोंदाची बारीक रेघच पुरते. दोरी गोंदाने भिजली की कडक होते आणि दार लावल्यावर दबतच नाही. बाथरूमला लावतात ते सिलिकॉन इथे चालत नाही. दार लावून एक दिवस वाळू द्या, पहिला जाळ छोटा ठेवा आणि खिडकी उघडी.

पंखा साफ करायला काढलात तर त्याच्यामागचं गॅस्केटही (सांधा हवाबंद करणारी चकती) नवीन घाला. जुनं फाटलेलं नसलं तरी ते एकदा दबलेलं असतं, आणि दाबाची बाजू तिथूनच सुरू होते.

आता राख. युरोपातल्या ए१ दर्जाच्या लाकडी पेलेटमध्ये राख जास्तीत जास्त ०.७ टक्के चालते. ग्वाल्हेर-मुरैना पट्ट्यात मोहरी अमाप पिकते. मोहरीच्या भुशाच्या पेलेट स्वस्त पडतात, पण काडीकचऱ्यात राख त्याच्या कितीतरी पट. शिवाय ती वितळून जळणपात्रात दगडासारखी ढेप बनते आणि भोकं बुजवते. लाकडी पेलेट धरून पुस्तिकेत दिलेलं सफाईचं वेळापत्रक अशा जळणाला पुरणार नाही. ढेप रोज सकाळी काढा, भोकं तारेने मोकळी करा.

समोर दिसते तेवढीच राख काढणं ही सगळ्यात मोठी चूक. खरी राख आतल्या पत्र्यांच्या मागे, पंख्याच्या पात्यांवर आणि पाइपाच्या टी-जोडात बसते. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका: बारीक राख त्याच्या पिशवीतून आरपार येऊन खोलीभर पसरते, आणि राखेखाली निखारा एक-दोन दिवसही धुमसत राहतो, त्याने पिशवी पेट घेते. प्लग काढा, स्टोव्ह पूर्ण गार होऊ द्या, राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून फरशीवर ठेवा. काचेला ओला वर्तमानपत्राचा बोळा बारीक राखेत बुडवून चोळलात की काजळी निघते.

वीज गेली की धूर खेचणारा पंखाही थांबतो, हे विसरू नका. इन्व्हर्टर लावणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि तापते.

होळी झाली की हॉपर, म्हणजे पेलेट भरायचा डबा, रिकामा करा. पावसाळ्यात पेलेट ओल धरून फुगतात, भुसा होऊन पेलेट पुढे सरकवणारा स्क्रू अडकवतात. राहिलेली राखही ओल ओढून पत्रा गंजवते. सफाई पावसाच्या आधीच उरका आणि दार किंचित उघडं ठेवा, म्हणजे दोरी दबून राहत नाही. दिवाळीनंतर पेटवण्याआधी पाइपाच्या बाहेरच्या तोंडात टॉर्च मारून बघा. गेल्या वर्षी आमच्या पाइपात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, लिंबाएवढं.